तिच्या हाताचा गुण

मला तिचा हेवा वाटायचा. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. ती माझ्यापेक्षा उजळ होती म्हणून नव्हे, तिच्या साडीची घडी संध्याकाळपर्यंत मोडायची नाही म्हणूनही नव्हे. तिच्या काचेच्या नळ्यांमधली जेल चांगली जमायची आणि माझी जमायची नाही, एवढंच कारण. ऐकणाऱ्याला हे खुळेपणाचं वाटतं. माझ्या भाचीला एकदा सांगितलं तर ती हसत सुटली. पण त्या वर्षी माझं सगळं घोडं त्या बोटभर लांबीच्या नळ्यांपाशी अडलं होतं.

नगर-मनमाड रस्त्यावर, नगरहून एस.टी.नं तासाभराच्या अंतरावर, आमचं ज्वारीचं संशोधन केंद्र होतं. भोवती शेतं, मधे एक बैठी इमारत आणि तिच्या उत्तरेच्या टोकाला प्रयोगशाळा. ते बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष. शेतातली ज्वारी गुडघ्याला लागून तिथेच थांबली होती, आणि ती आणि मी, प्रयोगशाळेतल्या दोघी असिस्टंट, आत बसून मालदांडी ज्वारीचे जुने दाणे कुटून त्यातली प्रथिनं वेगळी करत होतो. दुपारच्या डब्यात मात्र रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी. ती डबा उघडेपर्यंत कडक व्हायची आणि तोडताना तिचा भुगा व्हायचा. मिलो म्हणजे परदेशातली ज्वारीच; ज्वारीच्या केंद्रात बसून आम्ही ती चावत होतो आणि त्यात कुणाला काही विनोदी वाटत नव्हतं.

प्रथिनं वेगळी करायची रीत तेव्हा नवी होती. साहेब दिल्लीला शिकून आले होते आणि त्यांनीच ती आम्हाला शिकवली. अ‍ॅक्रिलामाइड नावाचं एक पांढरं रसायन असतं. दिसायला साखर, पण विषारी, हाताला लागू द्यायचं नाही. ते पाण्यात विरघळवायचं, त्यात ठरलेलं बफर घालायचं, टेमेडचे थेंब घालायचे, ज्यांना सडक्या मासळीचा वास यायचा, आणि शेवटी ताजं विरघळवलेलं परसल्फेट. त्यानं मिश्रण जेलीसारखं घट्ट होऊ लागतं, म्हणून मग भराभर हात चालवायचा. काचेच्या नळ्यांना खालून रबरी बुचं लावून त्या लाकडी घोडीत उभ्या केलेल्या असायच्या. बुचं म्हणजे दवाखान्यातल्या पेनिसिलिनच्या बाटल्यांची, कारण बाजारात दुसरी मिळायची नाहीत. ड्रॉपरनं मिश्रण नळीत सोडायचं आणि त्याच्यावर पाण्याचा पातळ थर इतका हळू ठेवायचा की दोन्ही मिसळता कामा नयेत. थोड्या वेळानं पाण्याखाली एक बारीक रेघ दिसू लागते. ती दिसली की समजायचं, जेल धरली.

पुढचं काम विजेचं. जेलच्या माथ्यावर दाण्याचा अर्क ठेवायचा, नळ्या यंत्रात बसवायच्या, बटण दाबायचं. प्रथिनं जेलमधून खाली उतरतात, कुणी भराभर, कुणी रेंगाळत. मग जेल नळीतून सोडवून रंगात बुडवायची, जादा रंग धुऊन काढायचा, आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या पाण्यात, बूच लावलेल्या परीक्षानळीत ठेवून द्यायची. तशी ठेवली तर महिनोन्महिने टिकते. काम नीट झालं असेल तर काचेसारख्या त्या कांडीवर निळे-काळे पट्टे दिसतात, एकाखाली एक, काठ धरून. काम बिघडलं असेल तर पट्ट्यांच्या जागी नुसते ढग दिसतात.

तिच्या नळ्यांत पट्टे असायचे आणि माझ्या नळ्यांत ढग.

सगळ्या नळ्या खिडकीतल्या घोडीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या असत. साहेब सकाळी येताना आधी तिथे थांबत. चष्मा कपाळावर चढवून तिची नळी उजेडाकडे धरत आणि म्हणत, "बाई, तुमच्या हाताला गुण आहे हो." मग माझी उचलत, बघत आणि काही न बोलता परत ठेवत. ते वाईट बोलले असते तर मला चाललं असतं. ते न बोलता परत ठेवणं माझ्या काळजाला घरं पाडायचं.

आता मी आळशी होते का? मुळीच नव्हते. मी केंद्राच्या आवारातच राहायची. माझा भाऊ तिथे शेतीकडे कारकून होता, त्याच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. सकाळी सगळ्यांच्या आधी मी प्रयोगशाळेत असायची. नळ्या स्वतः धुवायची, परसल्फेट त्याच सकाळी ताजं करायची, जेल ताजी ओतायची, धरली की लगेच चालवायला घ्यायची. आमच्या घरात शिळं कुणाच्या ताटात पडत नसे. आई भाकरी तव्यावरून थेट ताटात टाकायची आणि आदल्या दिवशीची उरली तर ती गुरांना. हातात तेच वळण होतं. साहेबांनी शिकवताना सांगितलं होतं की द्रावणं ताजी हवीत, ते मला इतकं पटलं होतं की मी जेलचाही क्षणभर शिळेपणा खपवून घेत नव्हते.

आणि ती? ती नगरहून रोज एस.टी.नं यायची. वडील शिंपी, त्यांना दमा, घरी दुसरं कुणी नाही. म्हणून तिला दिवेलागणीच्या आत परत पोचावं लागायचं, आणि संध्याकाळी साडेपाचची गाडी चुकली तर पुढची कधी येईल ते सांगता यायचं नाही. दुपारनंतर तिचं अर्धं लक्ष भिंतीवरच्या घड्याळात. पाचला ती घाईघाईनं दुसऱ्या दिवसाच्या जेल ओतायची, त्या धरल्या न धरल्या तोच वर बफरचे थेंब सोडून तोंडं बंद करायची, घोडी फ्रिजमध्ये सरकवायची आणि पर्स काखेत मारून फाट्याकडे पळत सुटायची. दुसऱ्या दिवशी गाडी आली की मग त्या नळ्या बाहेर. मी तिच्याकडे बघून मनात म्हणायची, हे असलं कालचं उरकून ठेवलेलं काम, आणि गुण म्हणे हिच्या हाताला. माझ्या पोटात अक्षरशः दुखायचं.

हे दुखणं नुसतं कौतुकाचं असतं तर मी गिळलं असतं. पण त्या पावसाळ्यात, म्हणजे पाऊस न पडलेल्या पावसाळ्यात, सीनिअर असिस्टंटची एक जागा मंजूर होऊन आली. आम्ही दोघी तात्पुरत्या. दोघींमधून एक घ्यायची होती. पगार वाढणार होता ते वेगळंच, पण त्या जागेला स्वतंत्र क्वार्टर होतं. एक खोली, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि दारात स्वतःचा नळ. तो नळ दुष्काळात कोरडाच होता, तरी तो नळ होता.

माझी आई मिरजगावला होती, मामांच्या घरी. वडील गेल्यानंतर भावाच्या क्वार्टरमध्ये तिला जागा नव्हती. मीच तिथे स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीखाली अंथरूण टाकायची. वहिनी वाईट नव्हती, पण रोज सकाळी माझं अंथरूण गुंडाळून होईपर्यंत ती चुलीपाशी न येता दारात उभी राहायची आणि ते उभं राहणं मला बोचायचं. मिरजगावला मामी असंच काहीतरी करत असणार. आई कधी बोलली नाही, पण मी भेटायला गेले की निघताना ती माझ्या पिशवीला धरून राहायची आणि म्हणायची, "दोगींपुरती येक खोली बघ. मला लई जागा लागत न्हाई." ते क्वार्टर मला हवं होतं ते एवढ्यासाठी.

गणपतीच्या आधी साहेबांनी निर्णय सांगितला. जागा तिला मिळाली. ते म्हणाले की कामात मी कुठेही कमी नाही, पण पुढच्या वर्षभराचा सगळा भार जेलवर आहे आणि जेलला तिचा हात मानवतो. जागा तात्पुरती असेल, दिवाळीनंतर दिल्लीची मंडळी काम बघायला येतील, त्यांचं समाधान झालं की ती कायम होईल. मी अभिनंदन केलं. तिनं माझे हात धरले, तिचे डोळे भरले होते. मी हात सोडवून घेतले आणि नळ्या धुवायला गेले, आणि त्या दिवशी दोन फोडल्या.

क्वार्टर रंगवून मिळायला वेळ लागला. तिनं दसऱ्याला राहायला यायचं ठरवलं, वडिलांना आणि त्यांच्या शिलाई मशिनला घेऊन. मुहूर्त चांगला, असं सगळे म्हणत होते. मला त्या मुहूर्ताचाही राग आला.

खंडेनवमीच्या दिवशी ती सामान बांधायला रजेवर होती. मी मात्र नेहमीप्रमाणे सकाळी लवकर जाऊन जेल ओतल्या. धरल्या होत्या, अर्क तयार होता, मी बटण दाबणार तेवढ्यात शिपाई मामा पूजेचं तबक घेऊन दारात. केंद्रात खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. शेतावर नांगर, गोठ्यात विळे, ऑफिसात टाइपरायटर आणि आमच्याकडे तराजू, सेंट्रिफ्यूज, विजेचं यंत्र. एकदा हळदकुंकू लागलं की दसरा होईपर्यंत हत्याराला विश्रांती. दुष्काळामुळे झेंडूचा हार जेमतेम वीतभर झाला होता. मामांनी तो विजेच्या यंत्रावर ठेवला आणि बटणावर कुंकवाचं बोट टेकवलं.

मी म्हणाले, माझ्या जेल ओतून झाल्यात, वाया जातील.

"मंग ठिवा की फ्रिजमधी," मामा म्हणाले. "पळून चालल्यात व्हय?"

साहेब मागे हात जोडून उभे होते. ते डॉक्टरेट घेतलेले होते, पण कुंकू लागलेलं बटण दाबा असं तेही म्हणाले नाहीत. मी धुसफुसत नळ्यांवर बफर सोडलं, तोंडं बंद केली आणि घोडी फ्रिजमध्ये ठेवली. फ्रिजलाही कुंकू लागलं होतं, पण तो बंद करता येत नव्हता म्हणून त्याला विश्रांती नव्हती.

दसऱ्याच्या दिवशी ती आली. टेम्पोतून मशीन उतरलं, वडील उतरले, दोन पत्र्याच्या ट्रंका उतरल्या. तिनं पाण्यानं भरलेला तांब्या आधी आत नेला. आवारातल्या बायका मदतीला गेल्या, वहिनीही गेली. मी आपट्याची पानं द्यायला गेले तेवढीच. दारातला तो कोरडा नळ तिनं पुसून लख्ख केला होता. मी घरी येऊन डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले, आणि ते खोटंही नव्हतं.

दसरा उलटल्यावर कामाला गेले तेव्हा त्या खंडेनवमीच्या नळ्या मी फेकणारच होते. शिळ्या जेलवर काम करायचं मला कसंतरीच वाटत होतं. पण अ‍ॅक्रिलामाइड मुंबईहून यायचं, बाटली तळाला गेली होती, आणि फेकल्या म्हणून साहेबांनी विचारलं असतं. म्हणून चालवल्या. रंगवल्या, धुतल्या, उजेडात धरल्या, आणि मी स्टुलावर बसले. पट्टे होते. एकाखाली एक, सगळ्यांना काठ. मालदांडीचा तो तळाशी असणारा जोडपट्टा, जो मी तोवर फक्त तिच्या नळीत बघितला होता, तो माझ्या नळीत दिसत होता.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. तिच्या नळ्यांत ढग आले.

साहेब सकाळी खिडकीशी थांबले. आधी तिची नळी धरली, मग माझी, मग पुन्हा तिची. मग हसले. म्हणाले की तिच्या संगतीनं अखेर मला गुण लागला, आणि तिला बजावलं की सगळाच देऊन टाकू नका, थोडा स्वतःकडेही ठेवा. मी तोंड उघडलं होतं. जेल दोन दिवस फ्रिजमध्ये मुरल्यामुळे हे झालं असावं, हे सांगायला मी सुरुवातही केली होती. पण माझ्या नळीतले पट्टेसुद्धा जर तिच्याच संगतीचे ठरत असतील तर सांगायचं कशाला? तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड मिटलं.

पण मला खात्री करून घ्यायची होती. पुढच्या खेपेला मी अर्ध्या नळ्या ताज्या चालवल्या आणि अर्ध्या फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी. ताज्यांत ढग, शिळ्यांत पट्टे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पुढे वाचनात आलं की जेल धरलेली दिसली तरी तिचं आतलं काम लगेच संपत नाही, आणि उरलेलं परसल्फेट निवायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर ते प्रथिनांना छळतं. तेव्हा मला एवढं शास्त्र माहीत नव्हतं. पण दोन गोष्टी शेजारी ठेवायला शास्त्र लागत नाही. ती नगरहून यायची म्हणून आदल्या संध्याकाळी ओतून पळायची. आता ती माझ्यासारखी आवारात राहत होती आणि सकाळी ओतत होती. तिच्या हाताला कधी कसला गुण नव्हता. गुण होता तो साडेपाचच्या एस.टी.ला.

हे कळल्यावर मला जो आनंद झाला तसा क्वचित झाला असेल. मी एकटीच हसायची. माझ्या जेल मी आता संध्याकाळी, सगळे गेल्यावर ओतायची, म्हणून ते कुणाच्या लक्षात यायचं नाही. तिच्या नळ्यांत रोज ढग यायचे आणि मी तिच्या शेजारी बसून माझ्या घोडीतल्या नळ्या सावकाश उजेडात धरायची. ती आणखी झटायची. सकाळी माझ्याही आधी यायला लागली, परसल्फेट नवं, टेमेड नवं, नळ्या क्रोमिक अ‍ॅसिडनं धुऊन काढलेल्या. जितकी झटायची तितकी जेल ताजी आणि तितकं काम वाईट. साहेब आता तिची नळी न बोलता परत ठेवू लागले. एकदा ते तिच्यादेखत म्हणाले की दिल्लीची मंडळी हेच बघणार असतील तर जागेचा पुन्हा विचार करावा लागेल. म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी मनात आईचं सामान लावायला सुरुवात केली. तिचं जातं कुठे बसेल, तिचा पाट कुठे. संक्रांतीला तिला आणता येईल. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

दिवाळी झाली. त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मी क्वार्टरच्या मागच्या पडवीत भाकऱ्या थापत होते. वहिनी टँकरपाशी रांगेत गेली होती, भाऊ झोपला होता. ती मागच्या दारानं आली. कधी यायची नाही. चुलीपासून जरा लांब, उंबऱ्यावर बसली. तिच्या क्वार्टरमधून मशिनचा आवाज येत होता, वडील कुणाचंतरी शिवत होते. आवारातल्या पोरांचे सदरे ते फुकट शिवून द्यायचे, आणि इथल्या मोकळ्या हवेत त्यांचा दमा बरा होता, असं वहिनी सांगायची. मला ते ऐकायलाही आवडायचं नाही.

ती माझ्या हाताखालच्या भाकरीकडे बघत बसली. मिलोची भाकरी थापताना कडेला फुटते, तिला सारखं पाण्याचं बोट लावावं लागतं. मग ती म्हणाली, "ताई, माझा हात गेला."

मी थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

"काय चुकतंय तेच कळत नाही. आता तर सगळं तुमच्यासारखं करते." ती पदराची कड बोटाला गुंडाळत होती. "तुम्हाला सांगू? मला तुमचा फार हेवा वाटायचा. तुम्ही इथे राहायचात, सकाळी ओतायचात, सगळं ताजं ताजं. मी मेली गाडीच्या धास्तीनं आदल्या दिवशीच कसंतरी ओतून पळायची. लाज वाटायची मला. साहेब गुण आहे म्हणायचे तेव्हा वाटायचं, यांना कळलं तर? म्हटलं, एकदा क्वार्टर मिळू दे, मग आपण ताईंसारखं नीट काम करू."

तव्यावरची भाकरी करपली तरी मी ती उलटली नाही. वर्षभर मी जिच्यावर जळत होते ती माझ्यावर जळत होती. माझ्या ताज्या, ढगाळ, वाया गेलेल्या जेलवर. तिनं माझीच चूक शिकून घेतली होती, आणि तीही मनापासून.

आताही मी गप्प बसू शकत होते. तिला दोन शब्द धीराचे सांगून वाटेला लावलं असतं तरी काम झालं असतं. आई संक्रांतीला आली असती.

"अगं, शिळी करून वापर," मी म्हणाले. "आदल्या दिवशी ओत, फ्रिजमध्ये ठेव, दुसऱ्या दिवशी चालव. पूर्वी करायचीस तसंच. तुझा हात कुठे गेला नाही, कारण हातात काही नव्हतंच. सगळं त्या साडेपाचच्या गाडीचं होतं."

मी चांगली आहे म्हणून सांगितलं, असं कुणी समजू नये. हे शेवटचं वाक्य तिच्या तोंडावर बोलायची संधी मिळत होती आणि ती मला क्वार्टरपेक्षाही हवी होती. ती चालून आली आणि मी ती घेतली. एका वाक्यात तिला क्वार्टर दिलं आणि हाताचा गुण काढून घेतला.

तिला ते लगेच कळलं. आधी तिचा चेहरा सुटला, वाचल्यासारखा, आणि मग हळूहळू पडला. तिनं आपले हात मांडीवर ठेवून एकदा बघितले.

"म्हणजे गुणबिण काही नाही?"

"नाही," मी म्हणाले.

ती उठली. करपलेल्या भाकरीचा वास पडवीभर झाला होता. जाताना तिनं चिमट्यानं ती भाकरी तव्यावरून काढून बाजूला ठेवली आणि तवा जरा सरकवला, मला भाजू नये म्हणून. ते तिनं का केलं असेल, हा विचार मी बरेच दिवस करत राहिले.

दिल्लीची मंडळी आली तेव्हा खिडकीतल्या घोडीवर तिच्या नळ्या ओळीनं होत्या. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या पाण्यात कांड्या तरंगत होत्या, पट्टे असे की पाहुण्यांपैकी एकानं भिंग मागितलं. माझ्याही नळ्या होत्या, तितक्याच चांगल्या. तिची जागा कायम झाली. आई मिरजगावलाच राहिली. मी तिला सगळं सांगितलं तेव्हा तिला जेल आणि पट्टे काही कळले नाहीत, पण गोष्टीतलं नेमकं कळलं. "येवढं बोलून तुला काय मिळालं?" एवढंच तिनं विचारलं आणि माझी पिशवी भरायला घेतली.

तिला काय सांगणार? त्यानंतर आम्ही दोघी कितीतरी वर्षं त्याच खोलीत शेजारी शेजारी काम करत राहिलो. दोघीही आदल्या दिवशी ओतायचो आणि दुसऱ्या दिवशी चालवायचो. मी तिला अगं-तुगं करायला लागले होते, ती मला ताईच म्हणायची. साहेबांना आम्ही कुणीच काही सांगितलं नाही. नवीन पाहुणा आला की ते त्याला खिडकीशी आणत, तिची नळी उजेडाकडे धरत आणि म्हणत, "यांच्या हाताला गुण आहे." त्या वेळी ती माझ्याकडे बघायची आणि लगेच मान खाली घालायची. त्या शब्दांत काही नाही, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं, आणि ते तिला मीच सांगितलं होतं. तरीही एकदा, चुकून का होईना, साहेबांनी माझी नळी उचलून ते वाक्य म्हणावं, असं मला दर वेळी वाटायचं.